मोडलेल्या वाक्यांची परीक्षा

इंग्रजी भाषेचें ज्ञान अजमावण्याच्या ज्या नाना तऱ्हा आपल्या देशांतील परीक्षकांनीं रूढ केल्या आहेत, त्यांपैकीं एका तऱ्हेचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. परीक्षक एक धडधाकट वाक्य घेतो, त्याचे चार तुकडे करितो, त्या तुकड्यांस पी, क्यू, आर, एस अशीं अक्षरें चिकटवितो, त्यांचा क्रम उलटापालटा करितो आणि उमेदवारास म्हणतो, "हें पुनः सरळ करून दे." कधीं वाक्याऐवजीं सबंध परिच्छेद घेऊन त्यांतील वाक्येंच विस्कटून टाकितात, कधीं पहिलें व सहावें वाक्य जागेवर ठेवून मधलीं चार तेवढीं हलवितात. खालीं उत्तराचे चार पर्याय छापलेले असतात. त्यांतील एकावर खूण केली कीं काम संपलें. संघ लोकसेवा आयोगाच्या सैन्यदलांतील प्रवेशपरीक्षा, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, बँकांतील नोकऱ्यांच्या परीक्षा, व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांची 'कॅट' परीक्षा, ह्या सर्वांत हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या वेषांत आढळत आला आहे.

वरवर पाहतां ही गोष्ट किरकोळ वाटेल. व्याकरणाच्या एका प्रश्नासाठीं मासिकाचीं इतकीं पानें कशाला, असेंहि एखादा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या परीक्षांवर लक्षावधि तरुणांची भाकरी अवलंबून आहे, त्यांतील कोणताच प्रश्न किरकोळ नसतो. जें परीक्षेंत विचारलें जातें तेंच वर्गांत शिकविलें जातें, आणि जें वर्गांत शिकविलें जातें त्यालाच विद्यार्थी ती भाषा असें समजूं लागतो. आमचें म्हणणें थोडक्यांत हें आहे : विस्कटलेलें वाक्य लावणें हा पाठ म्हणून उत्तम आहे, पण चार पर्यायांतून एक निवडण्याची परीक्षा म्हणून तो निरुपयोगी आहे, इतकेंच नव्हे तर अपायकारकहि आहे. त्यानें उमेदवारास वाक्य समजतें कीं नाहीं हें कळत नाहीं, वाक्य करतां येतें कीं नाहीं हेंहि कळत नाहीं. मोडलेल्या भांड्याचा सांधा त्याला ओळखतां येतो कीं नाहीं, एवढेंच काय तें कळतें.

प्रथम ह्या प्रश्नाच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे तें बोलूं. विस्कटलेल्या शब्दांतून वाक्य उभें करणें ही कांहीं परदेशांतून आलेली अपूर्व कल्पना नव्हे. आमच्याकडे संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस हें काम पिढ्यान् पिढ्या करावें लागलें आहे. त्यास अन्वय लावणें म्हणतात. श्लोकांतील शब्द वृत्ताच्या सोयीनें कोठेंहि पडलेले असतात. विशेषण पहिल्या चरणांत तर त्याचें विशेष्य तिसऱ्यांत, कर्ता अगदीं शेवटीं, आणि क्रियापद मध्येंच कोठें तरी दडून बसलेलें. ते शब्द गद्याच्या क्रमानें लावणें हा दंडान्वय. आणि मुख्य क्रियापद हातीं धरून 'कोण? काय? कोणास? कसा?' असे प्रश्न करीत एकेक पद उलगडीत जाणें हा खंडान्वय. मराठी शाळांतून मोरोपंतांच्या आर्यांनींहि मुलांकडून हीच मेहनत करून घेतली. ह्या अभ्यासानें बुद्धि घांसली जाते, वाचनाची घाई कमी होते, आणि प्रत्येक शब्द वाक्यांत कां आला आहे हें विचारण्याची संवय लागते, याविषयीं आमच्या मनांत यत्किंचितहि शंका नाहीं.

इंग्रजीच्या बाबतींत तर मराठी विद्यार्थ्यास अशा अभ्यासाची विशेषच गरज आहे. 'वाघानें शिकाऱ्यास मारलें' ह्या वाक्यांतील तीन शब्द सहा तऱ्हांनीं मांडतां येतात. 'शिकाऱ्यास वाघानें मारलें' म्हणा, 'मारलें वाघानें शिकाऱ्यास' म्हणा. बोलण्याचा झोंक बदलेल, परंतु मेलेला शिकारी कांहीं जिवंत होणार नाहीं. कारण कोणीं मारलें व कोणास मारलें हें विभक्तीच्या प्रत्ययांनीं पक्कें करून ठेविलें आहे. इंग्रजींत 'द टायगर किल्ड द हंटर' ह्यांतील दोन नामांची अदलाबदल केली, कीं शिकारी उठून बसतो आणि वाघ मरून पडतो! प्राचीन इंग्रजीलाहि विभक्तिप्रत्यय होते. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास ते झपाट्यानें झिजूं लागले आणि त्यांचें काम शब्दांच्या जागेवर येऊन पडलें. आज 'ही' व 'हिम' अशा सर्वनामांत त्यांची खूण तेवढी उरली आहे. तेव्हां इंग्रजींत जागा हाच प्रत्यय आहे, हें सत्य मराठी मुलाच्या मनावर ठसविण्यास शब्द हलवून पाहण्यासारखा दुसरा सोपा उपाय नाहीं. येथपर्यंत आमचें व परीक्षकाचें एकमत आहे.

मग भांडण कोठें आहे? खरी गोम त्या चार पर्यायांत आहे. चार तुकड्यांचे २४ क्रम होऊं शकतात, पांचांचे १२० आणि सहांचे ७२०. उमेदवारास ह्या अरण्यांत हिंडून वाट काढावी लागते, अशी कोणाची समजूत असेल तर ती भाबडी आहे. चोवीसांपैकीं वीस क्रम परीक्षकानेंच आधीं बाद करून ठेविलेले असतात. उरलेल्या चारांची तुलना करावयाची. बाजारांतील कोणतीहि मार्गदर्शिका उघडा. तींत हें गुपित नव्हे, तर पहिला धडा म्हणून सांगितलेलें आढळेल. सर्वनामानें आरंभ होणारें वाक्य पहिलें नसावें. 'हाउएव्हर' किंवा 'देअरफोर' ह्यांनीं सुरू होणारें वाक्यहि पहिलें नसावें. ज्यांत नामापूर्वीं 'ए' आहे तें वाक्य आधीं, 'द' आहे तें नंतर. न तुटणारी एक जोडी हुडकावी आणि ती ज्या पर्यायांत नाहीं ते खोडून टाकावेत. तीन पर्याय खोडले गेले कीं चौथा न वाचतांच बरोबर! परिच्छेदाचा विषय काय होता, लेखकाला काय म्हणावयाचें होतें, ह्याच्या चौकशींत वेळ घालवूं नये, असा उपदेशहि त्यास जोडलेला असतो. परीक्षेच्या दृष्टीनें हा उपदेश अगदीं योग्य आहे, आणि हेंच ह्या प्रश्नाविरुद्धचें पहिलें दोषारोपपत्र आहे.

हा दोष किती खोल गेला आहे हें वाचकांस स्वतःच पडताळून पाहतां यावें, म्हणून मराठींतच एक उदाहरण रचून देतों. पी : ह्या झिंबुलीला नऊ टिरगे होते. क्यू : एका गांवांत एक झिंबुली आली. आर : हे टिरगे रात्रंदिवस ठणपत असत. एस : त्यामुळें कंटाळून लोकांनीं तिला हांकलून दिलें. ह्या चार वाक्यांचा क्रम क्यू, पी, आर, एस हें सांगण्यास कोणाहि मराठी माणसास क्षणभरहि लागणार नाहीं. आतां आम्ही विचारतों, झिंबुली म्हणजे काय? टिरगा कशास म्हणतात? ठणपणें ही क्रिया बरी कीं वाईट? हे शब्द आम्हीं ह्या लेखासाठीं बनविले आहेत. त्यांना कांहींएक अर्थ नाहीं. तरीहि उत्तर बरोबर आलें आणि पूर्ण गुण मिळाले! अर्थाचा मागमूस नसतां जो प्रश्न सोडवितां येतो, तो अर्थग्रहणाची परीक्षा कसा होऊं शकेल?

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं ह्या बाबतींत फार सूक्ष्म विचार करून ठेविला आहे. वाक्याचा अर्थबोध होण्यास तीन गोष्टी लागतात, असें ते म्हणतात : आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. 'गाय, घोडा, मनुष्य, हत्ती' हे चार शब्द एकामागून एक उच्चारले तरी वाक्य होत नाहीं, कारण एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा नाहीं. ही आकांक्षेची उणीव. 'विस्तवानें शिंपडतो' ह्यांत शब्दांस परस्परांची अपेक्षा आहे, पण विस्तवानें शिंपडणें शक्य नाहीं. ही योग्यतेची उणीव. आणि 'गाय आण' ह्यांतील एक शब्द आतां व दुसरा प्रहरानंतर उच्चारला, तर संनिधि नाहीं म्हणून बोध नाहीं. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें आपल्या 'तर्कसंग्रहा'त मुलांसाठीं हीं उदाहरणें दिलेलीं आहेत. आतां ह्या कसोटीवर आपला प्रश्न घांसून पाहूं. त्यांत संनिधि परीक्षकानेंच मोडून ठेविला. योग्यतेची गरज नाहीं, हें झिंबुलीनें सिद्ध केलें. राहिली केवळ आकांक्षा, आणि तीहि वरवरची. सर्वनाम आपलें नाम शोधतें, 'द' आपल्या 'ए'ला शोधतो, बस्स. तिहींपैकीं एकाच अंगाच्या सालीवर नखानें ओरखडा काढावयाचा आणि त्यास इंग्रजीच्या ज्ञानाची परीक्षा म्हणावयाचें, असा हा व्यवहार आहे.

दुसरें दोषारोपपत्र ह्याहून गंभीर आहे. बरोबर क्रम एकच असतो, हें गृहीतच पुष्कळ ठिकाणीं खोटें असतें. आणखी एक उदाहरण घेऊं. पी : १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी निघाली. क्यू : तिला चौदा डबे होते. आर : ते ओढण्यासाठीं तीन एंजिनें जोडलेलीं होतीं. एस : ही गाडी पाहण्यास लोकांची गर्दी लोटली होती. पी, क्यू, आर, एस हा क्रम बरोबर आहे; आधीं गाडीचें वर्णन आणि शेवटीं गर्दी. पण पी, एस, क्यू, आर हा क्रमहि तितकाच निर्दोष आहे. आधीं गर्दी आणि मग जिच्यासाठीं ती जमली त्या गाडीचें वर्णन. पहिल्या लेखकाचें लक्ष यंत्रावर आहे, दुसऱ्याचें माणसांवर. दोघांनाहि मराठी उत्तम येतें. परंतु परीक्षकाच्या उत्तरसूचींत एकच क्रम असावयाचा. कारण त्यानें तो परिच्छेद ज्या पुस्तकांतून उचलला, तेथें तो तसा होता. म्हणजे येथें 'बरोबर' ह्याचा अर्थ 'भाषेस धरून' असा नव्हे, तर 'मूळ प्रतीस धरून' असा झाला. ज्यानें तें पुस्तक पाहिलेलें नाहीं त्यानें काय करावें? नेमका लेखकाच्याच मनांत येईल तो क्रम आपल्याहि मनांत यावा, अशी प्रार्थना करावी.

सबंध परिच्छेदाची गोष्ट राहूं द्या. एका वाक्यांतहि हेंच घडतें. 'येस्टरडे ही केम' हेंहि इंग्रजी आहे आणि 'ही केम येस्टरडे' हेंहि इंग्रजीच आहे. 'ओन्ली' हा एवढासा शब्द घ्या. 'ओन्ली राम सॉ मोहन', 'राम ओन्ली सॉ मोहन', 'राम सॉ ओन्ली मोहन' हीं तिन्ही वाक्यें शुद्ध आहेत. पहिल्यांत रामाशिवाय दुसऱ्या कोणीं मोहनास पाहिलें नाहीं. दुसऱ्यांत रामानें पाहिलें तेवढें, तो बोलला नाहीं. तिसऱ्यांत मोहनाशिवाय दुसरें कोणी रामाच्या दृष्टीस पडलें नाहीं. मराठींत हें काम आपण 'च' किंवा 'फक्त' ह्यांची जागा बदलून करितों. ह्या तिहींपैकीं बरोबर कोणतें? बोलणाऱ्यास काय सांगावयाचें आहे त्यावर तें अवलंबून. आणि नेमकी हीच गोष्ट प्रश्नपत्रिकेवर सांगितलेली नसते. हेतु झांकून ठेवून क्रम विचारणें म्हणजे कोठें जावयाचें हें न सांगतां रस्ता विचारणें होय.

ह्या अनिश्चिततेचा दंड कोण भरतो? परीक्षक खास नव्हे. संघ लोकसेवा आयोगाच्या अशा परीक्षांत चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांपैकीं एक-तृतीयांश गुण कापले जातात. म्हणजे ज्या मुलानें सयुक्तिक पण वेगळा विचार केला, त्यास न मिळालेल्या गुणांच्या जोडीला आणखी दंड भरावा लागतो. आणि ज्यानें प्रश्न वाचलाच नाहीं, तो त्या मानानें सुखरूप सुटतो. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेंत उत्तरसूचीवर हरकत घेतां येते, हें खरें. परंतु प्रत्येक प्रश्नास शुल्क भरून. 'कॅट' परीक्षेच्या चालकांनीं २०१५ पासून कांहीं प्रश्नांखालचे पर्याय काढून टाकिले, उमेदवारानेंच क्रम लिहावा असें ठरविलें आणि तेथें उणे गुणहि ठेविले नाहींत, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण मानलें पाहिजे. त्यानें पर्याय खोडण्याची युक्ति निकालांत निघाली. पण सूचींतील उत्तर एकच राहिलें, आणि 'कां' हा प्रश्न तेथेंहि कोणी विचारीत नाहीं.

परीक्षकांच्या बाजूनें ह्यावर जीं उत्तरें दिलीं जातात, त्यांचा आतां समाचार घेऊं. पहिलें उत्तर संख्येचें. उमेदवार लाखांनीं येतात. इतक्यांचे निबंध कोण तपासणार? वस्तुनिष्ठ प्रश्नांचा जन्मच ह्या अडचणींतून झाला, हें आम्हांस ठाऊक आहे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅन्सस येथें फ्रेडरिक केली ह्या शिक्षणतज्ज्ञानें मूक वाचनाची एक परीक्षा तयार केली. तींत उत्तर ठरीव असावें, तपासणी झटपट व्हावी आणि तपासणाऱ्याच्या लहरीस वाव राहूं नये, असा हेतु होता. १९३० नंतरच्या दशकांत पेन्सिलीच्या खुणा मोजणारीं यंत्रेंहि आलीं. हेतु वाईट नव्हता. पण चाळण लावणें निराळें आणि धान्य पाखडून निवडणें निराळें. लाखांतून हजार काढण्यास चाळण लावा. त्या हजारांपैकीं इंग्रजी कोणास येतें हें ठरवितांना तरी लिहिलेलें पान वाचा. हें अशक्य आहे म्हणावें, तर त्याच लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेंत इंग्रजीची ३०० गुणांची सक्तीची पत्रिका हातानेंच लिहावी लागते, आणि माणसेंच ती तपासतात. बँकांतील अधिकाऱ्यांच्या मुख्य परीक्षेंतहि इंग्रजींत वर्णनात्मक लेखन करावें लागतें. जें एका दालनांत शक्य आहे तें शेजारच्या दालनांत अशक्य कसें?

दुसरें उत्तर निःपक्षपाताचें. माणूस तपासनीस असला कीं आवडनिवड आली. उत्तरसूचीला कसली आवडनिवड? ह्या युक्तिवादांत एक डोळ्यांआडची चूक आहे. प्रश्न काढणाराहि माणूसच असतो. परिच्छेद त्यानेंच निवडला, तुकडे त्यानेंच पाडले, चार पर्याय त्यानेंच रचले. त्याची आवडनिवड नाहींशी झाली नाहीं. ती उत्तरसूचींत जाऊन बसली, आणि आतां तिच्याशीं वाद घालतां येत नाहीं एवढाच फरक झाला. निबंध तपासणारे दोन असले तर एकाची चूक दुसरा दुरुस्त करूं शकतो. सूचींतील चूक मात्र लाख उत्तरपत्रिकांवर एकसारखी उमटते. सर्वांवर सारखा अन्याय झाला म्हणजे न्याय झाला, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं खुशाल वाटून घ्यावें.

तिसरें उत्तर मात्र वजनदार आहे, आणि त्यास आम्ही आदरानें सामोरे जातों. असें म्हणतात कीं, ज्या मुलाच्या घरांत तीन पिढ्यांत कोणी इंग्रजी बोललें नाहीं, ज्याची शाळा एका शिक्षकावर चालली, त्यास इंग्रजी निबंध लिहावयास सांगणें म्हणजे त्यास दारांतूनच परत पाठविणें होय. विस्कटलेल्या वाक्यांच्या युक्त्या तरी त्यास चार महिन्यांत शिकतां येतात. शहरांतील साहेबी शाळेंतून आलेल्या मुलाशीं तो निदान बरोबरीनें बसूं शकतो. हा युक्तिवाद करणारांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाहीं. पण ह्यांत त्या मुलास काय मिळालें तें पाहावें. दार उघडण्याची किल्ली मिळाली नाहीं. कुलूप उचकटण्याची सळई मिळाली. ती सळई नोकरींत शिरल्यावर कामास येत नाहीं. तेथें वरिष्ठास अहवाल लिहावा लागतो, कैफियत मांडावी लागते, परगांवच्या कचेरीचें पत्र वाचून त्यांतील मेख ओळखावी लागते. तेथें वाक्याचे तुकडे कोणी आणून देत नाहीं. वाक्य मनांतून काढावें लागतें. इंग्रजी घरांतून आलेला मुलगा हें ऐकून ऐकून शिकलेला असतो. ज्यास तें शिकविण्याची खरी गरज होती, त्यालाच आपण तें न शिकवितां पास केलें. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा हा प्रकार झाला. ह्यास सामाजिक न्याय म्हणणें म्हणजे न्यायाची थट्टा आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेंत व आसपासच्या भागांत मराठवाड्यांतून, विदर्भांतून, खानदेशांतून आलेलीं मुलें वर्षानुवर्षें स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत असतात. एका खोलींत चौघे, दोन वेळची खानावळ, आणि रात्रीं उशीरापर्यंत अभ्यासिका; घरून येणारा पैसा बहुधा शेतीचा. ह्या मुलांच्या कष्टाळूपणाविषयीं आम्हांस आदर आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचें ठरविलें, तेव्हां २०२३ च्या आरंभीं ह्याच पुण्यांत मुलें रस्त्यावर उतरलीं आणि बदल २०२५ पर्यंत लांबणीवर पडला. पर्याय निवडण्याच्या तयारींत ज्यांचीं चार वर्षें गेलीं, त्यांस एकाएकीं लिहावयास सांगूं नये, ही त्यांची मागणी रास्त होती आणि मुदत मिळाली हें बरें झालें. परंतु त्या मागणीच्या पोटांत जें दुःख आहे त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पदवी घेतलेल्या तरुणास चार वर्षें अभ्यास करूनहि स्वतःचें म्हणणें कागदावर मांडण्याची धास्ती वाटावी, ही स्थिति त्यानें स्वतः निर्माण केलेली नाहीं. पर्यायांची शिक्षणपद्धति ती निर्माण करिते, आणि मोडलेल्या वाक्यांचा प्रश्न हा त्या पद्धतीचा अर्क आहे.

ह्याचा प्रत्यय आम्हांस वर्गांत नित्य येतो. विस्कटलेल्या परिच्छेदांचा संच पुढें ठेविला, तर कांहीं मुलें मिनिटागणिक एकेक उत्तर देतात. त्यांस 'हा क्रम कां?' असें विचारलें, तर 'पर्यायांत तोच बसतो' असें सांगतात. परिच्छेदांत काय म्हटलें आहे तें मराठींत सांगावयास लावलें, तर पुनः कागदाकडे पाहावें लागतें. आणि त्याच विषयावर स्वतःचीं पांच वाक्यें लिहा म्हटलें, तर पहिलें वाक्य कोणतें असावें ह्याच विचारांत तास संपतो. दुसऱ्याचीं पांच वाक्यें लावणारास स्वतःच्या पांच वाक्यांचा क्रम लागत नाहीं! मुलें मंद नाहींत, ह्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. त्यांस वाक्यें नेहमीं तयार मिळालीं. वाक्य कां जन्मास येतें हें त्यांस कोणी दाखविलें नाहीं.

एका काळीं मराठी मुलें तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून इंग्रजी शिकत. त्या पद्धतींत दोष होते. तिच्यांतील इंग्रजी पुष्कळदां कृत्रिम व ताठर होतें. परंतु तिचा एक गुण असा होता कीं, मराठी वाक्याचें इंग्रजी करितांना मुलापुढें अर्थ असे आणि शब्द नसत. शब्द त्यास स्वतः आणावे लागत, त्यांच्या जागा स्वतः ठरवाव्या लागत, आणि चूक झाली तर ती कोठें झाली हें गुरुजी बोट ठेवून दाखवीत. आज ह्याच्या नेमकें उलट चाललें आहे. मुलापुढें शब्द सगळे आहेत. अर्थ मात्र असला काय आणि नसला काय, सारखेंच. आतां तर क्षणांत निर्दोष इंग्रजी परिच्छेद लिहून देणारीं यंत्रेंहि घरोघर आलीं आहेत. वाक्यांची जुळवाजुळव यंत्र माणसापेक्षां चटकन करणार. काय म्हणावयाचें आहे हें ठरविणें तेवढें माणसाकडे उरलें, आणि त्याचेंच शिक्षण आपण बंद केलें!

नुसता दोष दाखवून स्वस्थ बसणें आम्हांस मान्य नाहीं. वर्गांत विस्कटलेलीं वाक्यें जरूर द्यावींत. पण पर्याय देऊं नयेत. मुलानें क्रम लावावा आणि प्रत्येक जागेचें कारण एका ओळींत लिहावें. मराठींत लिहिलें तरी चालेल. दोन मुलांनीं दोन निराळे क्रम लाविले आणि दोघांचींहि कारणें पटण्यासारखीं असलीं, तर दोघांसहि पूर्ण गुण द्यावेत, आणि त्या दोन क्रमांनीं अर्थाचा झोंक कसा बदलतो ह्यावर उरलेला तास खर्च करावा. अन्वयाची विद्या ती हीच. दुसरें, मुलांनीं स्वतः लिहिलेले परिच्छेदच मोडून एकमेकांस लावावयास द्यावेत. आपण लिहिलेलें वाक्य दुसऱ्यास कोठें बसवावें कळेना, म्हणजे आपल्या लिहिण्यांत काय राहिलें हें उपदेशावांचून समजतें. तिसरें, नोकरीच्या परीक्षांत चाळणीपुरते पर्यायी प्रश्न ठेवावयाचेच असतील तर ठेवावे. पण इंग्रजीचे म्हणून जे गुण अंतिम यादींत धरावयाचे, ते लिहिलेल्या पानाचेच असावेत. आणि जोंपर्यंत हें होत नाहीं, तोंपर्यंत निदान एवढें करावें कीं, प्रत्येक असा प्रश्न छापण्यापूर्वीं दोन-तीन अनुभवी शिक्षकांस पर्यायांशिवाय सोडवावयास द्यावा, आणि त्यांचीं उत्तरें जेथें जुळणार नाहींत तो प्रश्न फाडून टाकावा. ह्यास पैसा लागत नाहीं. थोडी लाज असली म्हणजे पुरते.

ह्यांतील एकहि सूचना अपूर्व नाहीं, आणि एकहि अंमलांत आणण्यास कठीण नाहीं. तरीहि परीक्षामंडळें ह्या वाटेनें आपण होऊन जातील अशी आशा आम्ही बाळगीत नाहीं. यंत्रानें तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा निकाल लौकर लागतो आणि त्याबद्दल कोणासहि जाब द्यावा लागत नाहीं, हें सुख सोडणें सोपें नसतें. म्हणून आमचें मागणें प्रथम शिक्षकांकडे आहे. परीक्षा काय विचारते तें आयोगाच्या हातीं असेल. पण वर्गांत 'कां?' हा प्रश्न विचारावयास कोणत्याहि आयोगाची परवानगी लागत नाहीं. उद्यांच्या तासाला असा एखादा परिच्छेद शिकवावयाचा असेल, तर त्याखालचे चार पर्याय आधीं झांकून टाकावेत आणि मग मुलांस बोलूं द्यावें.